मेलबर्नच्या फॅशन फेस्टिव्हलला पहिल्यांदा जाताना

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींपुढे फॅशन फेस्टिव्हलचा विषय काढला की बहुतेक जण म्हणतात, "छे, ते काय आपल्यासाठी असतं? त्याला निमंत्रण लागत असेल." पॅरिस किंवा मिलानच्या फॅशन वीकबद्दल ते खरं आहे. तिथले शो मोठ्या दुकानांचे खरेदीदार, मासिकांचे संपादक, छायाचित्रकार यांच्यासाठी असतात. मेलबर्नचा फेस्टिव्हल १९९६ मध्ये सुरू झाला तोच मुळी सर्वसामान्य माणसासाठी. तिकीट काढायचं आणि जाऊन बसायचं. रॅम्पवर दिसणारे बरेचसे कपडे त्याच हंगामात दुकानात आलेले असतात, सहा महिने थांबावं लागत नाही.

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या गल्लीत यंत्रमागांचा आवाज थांबला की लोक दचकायचे. आई घरी ब्लाऊज शिवायची आणि कुणी कापड आणलं की आधी ते उलटं करून बघायची. त्यामुळे पहिल्यांदा गेले तेव्हा मॉडेलपेक्षा माझं लक्ष शिलाईकडेच जास्त होतं, आणि त्यात फार आनंद मिळाला. कापड हातात घेऊन पारखायची सवय आपल्यापैकी किती तरी घरांत असते. ती नजर घेऊन गेलात तर हा फेस्टिव्हल तुमचाच आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी हे पक्कं करा : मार्च की ऑक्टोबर?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मेलबर्नमध्ये दोन वेगळे उत्सव आहेत आणि नावं इतकी सारखी की इंटरनेटवर शोधताना एकाची माहिती दुसऱ्याची समजून वाचली जाते.

पहिला 'मेलबर्न फॅशन फेस्टिव्हल'. तो फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये संपतो. ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था तो भरवते. प्रायोजक बदलला की त्याच्या नावाचा पुढचा भाग बदलतो, त्यामुळे जुन्या लेखांत तो वेगवेगळ्या नावांनी सापडेल. लॉरिअल, व्हर्जिन ऑस्ट्रेलिया, पेपाल अशी नावं त्याला लागून गेली आहेत. उत्सव तोच.

दुसरा 'मेलबर्न फॅशन वीक'. तो शहराची महापालिका, म्हणजे सिटी ऑफ मेलबर्न, भरवते. अलीकडे तो ऑक्टोबरात होतो. पूर्वी त्याचं नाव 'मेलबर्न स्प्रिंग फॅशन वीक' होतं. ऑक्टोबरात इथे वसंत असतो, हे भारतातून आल्यावर अंगवळणी पडायला वर्ष जातं. शहराच्या मध्यभागी, टाऊन हॉलच्या आसपास बरंच काही चालतं आणि फुकट कार्यक्रमही पुष्कळ असतात.

हात राखून सुरुवात करायची असेल तर ऑक्टोबरच्या फुकट कार्यक्रमांपासून करा. मोठा, थाटाचा रनवे, म्हणजे रॅम्पवरचा शो, बघायचा असेल तर मार्च. या लेखात पुढे मुख्यतः मार्चच्या उत्सवाबद्दल लिहिलं आहे, पण कपडे, प्रवास आणि बघण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

कोणता कार्यक्रम निवडायचा

कार्यक्रमपत्रिका उत्सवाच्या बऱ्याच आधी संकेतस्थळावर येते. ती लांबलचक असते आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला गरगरायला होतं. ढोबळमानाने तिचे तीन भाग करा.

एक, मुख्य रनवे. एका संध्याकाळी पाच-सहा किंवा जास्त डिझायनरांचे कपडे एकामागोमाग येतात. दिवे, संगीत, गर्दी, सगळं असतं.

दोन, स्वतंत्र कार्यक्रम. हे शहरभर विखुरलेले असतात. कुठे गोदामात छोटा शो, कुठे जुन्या कपड्यांना रफू करायची कार्यशाळा, कुठे प्रदर्शन. लहान डिझायनर आणि हौशी मंडळी इथेच भेटतात. याचं तिकीट सहसा कमी असतं, काही ठिकाणी नसतंच.

तीन, चर्चा, व्याख्यानं, चित्रपट. कापड उद्योगात काम शोधणाऱ्यांनी हे चुकवू नये.

आणि यांतलं एकच निवडायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे : 'नॅशनल ग्रॅज्युएट शोकेस' बघा. देशभरातल्या फॅशन महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचं हे काम असतं. यांना अजून दुकानात माल खपवायचा नसतो, त्यामुळे हात मोकळा असतो. वर्षभर एकाच कोटावर राबलेलं पोर त्या कोटात काय ओतू शकतं ते इथे दिसतं. मोठ्या ब्रँडचे कपडे तुम्हाला पुढे वर्षभर दुकानाच्या काचेतून दिसतील, हे पुन्हा दिसणार नाहीत.

तिकीट

तिकीट उत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. समाजमाध्यमांवर कुणी 'जास्तीचं तिकीट आहे' म्हणून विकत असेल तर तिकडे जाऊ नका.

बैठकीचे प्रकार असतात. पहिली रांग सगळ्यात महाग, मग मागच्या रांगा. पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका. तिथून कपडे अगदी जवळून दिसतात हे खरं, पण मागच्या रांगांतूनही कापडाची लय, चालताना घेर कसा हलतो ते छान दिसतं, आणि एका महाग तिकिटाच्या पैशांत दोन-तीन कार्यक्रम होतात. विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का ते प्रत्येक कार्यक्रमापुढे बघा.

आता वेळेबद्दल. तिकिटावर बहुधा दोन वेळा असतात : दारं उघडण्याची आणि शो सुरू होण्याची. लग्नाच्या मुहूर्ताचा हिशेब इथे लावू नका. शो साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा. एकदा दिवे मंदावले आणि मॉडेल चालू लागल्या की मधून कुणाला रांगेपर्यंत सोडता येत नाही. माझी दुसऱ्या वर्षीची एक संध्याकाळ अशीच गेली. ट्राम अडकली, मी सात-आठ मिनिटं उशिरा पोहोचले आणि बंद दारापलीकडून फक्त संगीत ऐकलं. तेव्हापासून पाऊण तास आधी पोहोचते. तो वेळ वाया जात नाही, कारण बाहेर जमलेल्या लोकांचे कपडे हाही अर्धा उत्सवच असतो.

काय घालायचं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बहुतेकांचे पाय इथेच अडतात.

नियम काही नाही. जीन्स आणि इस्त्री केलेला शर्ट घालून आलेले लोक असतात, आणि डोक्यावर पिसांची टोपी घालून आलेलेही असतात. मेलबर्नचा स्वतःचा आवडता रंग काळा आहे. काळ्यावर काळं घातलेल्या माणसांची रांग तुम्हाला दिसेल. त्या रांगेत खणाचा ब्लाऊज किंवा हिरवीगार इरकल किती उठून दिसते ते स्वतः अनुभवा. नवीन काही विकत घेऊ नका. कपाटात जे आहे, जे तुम्हाला अंगावर आवडतं, तेच घाला.

साडी नेसून जाणार असाल तर थोडी व्यवहाराची बाजू. बाकं एकमेकांना चिकटून असतात, माणसं दाटीवाटीने बसतात. मोकळा पदर शेजारणीच्या बुटाखाली जातो. पदर पिन करा, निऱ्या किंचित वर घ्या. पैठणी नेसायची तर खांद्यावरची घडी नीट बसवा, जरीचा पदर गर्दीत कशाला तरी अडकला की धागा ओढला जातो आणि तो जीवाला लागतो. मी खणाचा ब्लाऊज आणि साधी सुती साडी नेसते. एका वर्षी रांगेत पुढे उभ्या असलेल्या, कापडाचं काम करणाऱ्या बाईंनी माझ्या बाहीकडे बघून विचारलं, की हा काठ नंतर लावला आहे का. खणाचा काठ विणतानाच येतो, कापड मुळात चोळीपुरतंच अरुंद विणायची पद्धत होती, आणि दुकानात त्याच्या त्रिकोणी घड्या रचून ठेवत, हे सांगितलं. त्या बाई वाकून, काठ आणि अंग जिथे मिळतं ती जागा बघत राहिल्या. आमची रांग पुढे सरकली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

पायात काय, याचा विचार नक्की करा. मुख्य शो जिथे होतात त्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगभोवती बाग आहे, गवत आहे, टोकदार टाचा मातीत रुततात. शिवाय उभं राहणं बरंच होतं. रोजच्या वापरातल्या, पाय ओळखणाऱ्या चपला किंवा बूट बरे.

आणि बरोबर एक पातळ जाकीट किंवा शाल हवीच. मेलबर्नमध्ये एका दिवसात चार ऋतू होतात असं इथले लोक म्हणतात ते अनुभवाचे बोल आहेत. मार्चमध्ये दुपारी घाम आणि रात्री परतताना गार वारा, हे नेहमीचं.

जायचं कसं

मुख्य शो बरीच वर्षं कार्लटन गार्डन्समधल्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये होत आले आहेत, पण प्रत्येक कार्यक्रमाची जागा वेगळी असू शकते, तेव्हा तिकिटावरचा पत्ता वाचा.

या इमारतीत शो असेल तर ते भाग्य समजा. १८८० च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी ती बांधली गेली, घुमट फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या धर्तीवर. त्या प्रदर्शनात ब्रिटिश हिंदुस्थानचाही विभाग होता आणि तिथून भारतीय चहाची ओळख करून दिली गेली. ९ मे १९०१ ला ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन याच छताखाली झालं, आणि २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. शो सुरू व्हायच्या आधी मान वर करून आतून घुमट बघा. नंतर अंधार होतो आणि ते राहून जातं.

पार्लमेंट स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं. ट्रामने यायचं तर बर्क स्ट्रीटवरून ९६ किंवा ८६ नंबर, निकल्सन स्ट्रीटवर उतरायचं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा : शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे, पण एक्झिबिशन बिल्डिंगचा थांबा त्या हद्दीच्या थोडा बाहेर पडतो. तेव्हा मायकी, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, टॅप करा. नवीन माणसाला दंड बसतो तो अशाच हद्दीवर.

टार्नीट किंवा ट्रुगनिनाकडे राहणाऱ्यांनी, आणि आपली पुष्कळ मंडळी तिकडेच आहेत, परतीची व्ही-लाइनची (शहराबाहेरच्या भागांत जाणाऱ्या रेल्वेची) गाडी आधीच बघून ठेवावी. टार्नीटची गाडी सदर्न क्रॉसवरून सुटते आणि रात्री उशिरा गाड्या विरळ होतात. शुक्रवारी-शनिवारी शहरी रेल्वे रात्रभर चालते, त्यामुळे हॉपर्स क्रॉसिंग किंवा क्लेटनकडच्यांना त्या रात्री चिंता नाही. आणखी एक : मार्चच्या दुसऱ्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते, त्या शनिवार-रविवारी नदीकाठी मूंबा उत्सव भरतो. तुमचा कार्यक्रम त्याच दिवसांत आला तर शहरात गर्दी धरून चाला, गाडी आणू नका.

आत गेल्यावर

तिकीट फोनवर उघडून ठेवा, दारात नेटवर्क शोधत बसू नका. मोठी पिशवी आणू नका, ठेवायला जागा नसते. पहिल्या रांगेत असाल तर पाय आणि पिशवी रनवेच्या बाहेर ठेवा. चालणाऱ्या मॉडेलची नजर समोर असते, खाली नसते.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला या भूमीच्या मूळ रहिवाशांचं स्मरण केलं जातं. मेलबर्न ही वुरुंडजेरी आणि बुनुराँग लोकांची भूमी. कधी त्यांच्यातले ज्येष्ठ स्वतः येऊन स्वागत करतात. त्या वेळी बोलणं थांबवा, फोन खाली ठेवा. आपल्याकडे दीपप्रज्वलनाच्या वेळी जसं शांत होतो तसंच.

फोटो काढता येतात, फ्लॅश नको. पण मनापासून एक सांगते : पहिले दोन-तीन कपडे फोनशिवाय बघा.

बघायचं कसं

रनवेवर एक कपडा तुमच्यासमोर जेमतेम काही सेकंद असतो. सगळं बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. मी ठरवून एका वेळी एकच गोष्ट बघते.

येताना खांदा आणि मुंढा. बाही जिथे अंगाला जोडली आहे तिथे चुण्या पडल्यात का, हात हलला की सगळा कोट वर उचलला जातो का. मुंढा चुकला की कितीही भारी कापड असो, तो कपडा घालणाऱ्याला छळतो. आई हे ब्लाऊजबद्दल म्हणायची आणि ते हजारो डॉलरच्या कोटालाही तितकंच लागू पडतं.

समोरून जाताना कापड. उभं कापलंय की उरेब, म्हणजे तिरकं, हे चालीवरून कळतं. उरेब कापलेला घागरा पायाभोवती गुंडाळल्यासारखा फिरतो, उभा कापलेला सरळ झुलतो. आणि पाठमोरं झाल्यावर खालची दुमड. ती सगळीकडे एकाच रेषेत आहे का, कुठे ओढलेली आहे का. पुष्कळ डिझायनर समोरच्या बाजूवर जीव ओततात, पाठ मात्र उरकलेली असते. पाठ नीट केलेली दिसली की नाव टिपून ठेवा.

लोकरीवर खास लक्ष ठेवा. कपड्यांसाठीच्या बारीक लोकरीत ऑस्ट्रेलिया जगात सगळ्यांत पुढे आहे. लोकर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड स्वेटर येतो. इथली मेरिनो लोकर इतकी तलम विणतात की लांबून सुतीच वाटावी. एका ग्रॅज्युएट शोमध्ये एक राखाडी कोट आला होता. समोरून अगदी साधा. मॉडेल वळली, कोट उघडला आणि आतल्या अस्तरावर दिसली हाताने घातलेल्या टाक्यांची रांग, नारिंगी धाग्याची, थोडी वाकडी. वाकडी म्हणूनच कळलं की ती हाताची आहे. मला वाकळ आठवली, जुन्या लुगड्यांच्या थरांवर आजीने घातलेले धावदोरे. मी एवढ्या शोंमध्ये पाहिलेल्या कपड्यांपैकी आजही डोळ्यांसमोर आहे तो तोच कोट.

पैसे न खर्चता एक दिवस

तिकीट परवडत नसेल तर घरी बसू नका. सकाळी कॉलिन्स स्ट्रीटवरच्या ब्लॉक आर्केडपासून सुरुवात करा. एकोणिसाव्या शतकात शहरातली हौशी मंडळी ठेवणीतले कपडे घालून या भागात फेऱ्या मारायची. त्याला 'डूइंग द ब्लॉक' म्हणत, आर्केडचं नाव त्यावरूनच आलं. आतली फरशी रंगीत तुकड्यांची आहे, दुकानं महाग आहेत, बघायला पैसे पडत नाहीत.

तिथून फ्लिंडर्स लेन. आज तिथे उपाहारगृहांची रांग आहे, पण विसाव्या शतकात ही शहराची कापडपेठ होती, तयार कपड्यांचे कारखाने आणि घाऊक व्यापारी इथेच. युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांचा त्यात मोठा वाटा होता. कोपऱ्यावर १९२६ ची निकोलस बिल्डिंग आहे. तिच्या वरच्या मजल्यांवर अजूनही कलाकार आणि कारागीर आपापल्या खोल्यांत काम करत असतात. मग नदी ओलांडून सेंट किल्डा रोडवरच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात जा. कायमच्या संग्रहाला प्रवेश फुकट आहे आणि वस्त्रांचा संग्रह उत्तम आहे. फक्त कापडाला उजेड सोसत नाही म्हणून वस्त्रं आलटून पालटून मांडतात, तेव्हा त्या दिवशी काय आहे ते दारात विचारा.

संध्याकाळी ८६ नंबरच्या ट्रामने फिट्झरॉयमधल्या गर्ट्रूड स्ट्रीटला. लहान डिझायनरांची दुकानं इथे आहेत. आत जायला संकोच करू नका. कपडा उलटा करून शिलाई बघितलीत तर दुकानातल्या माणसाला राग येत नाही, उलट तो दोन गोष्टी जास्त सांगतो.

विकत घ्यावंसं वाटलं तर

शोच्या रात्री काही मागवू नका. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन अंगावर घालून बघा. इथले आकडे आठ, दहा, बारा असे असतात आणि ते भारतातल्या मापांशी जुळत नाहीत. दोन ब्रँडचा दहा नंबरही एकसारखा नसतो. फक्त आवडला नाही म्हणून कपडा परत घेण्याचं बंधन दुकानावर नाही, तेव्हा पैसे देण्याआधी परतीचा नियम विचारा. माल सदोष निघाला तर मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे, पावती जपून ठेवा.

शिवणकाम येत असेल तर

अशा उत्सवांना स्वयंसेवक लागतात. दारावर, बैठकीत, आणि पडद्यामागे मॉडेलना कपडे घालायला मदत करण्यासाठी. त्यांना इथे 'ड्रेसर' म्हणतात. एक मॉडेल आत येते, मिनिटभरात तिचा कपडा उतरवून दुसरा चढवायचा, हूक, काज, चेन, सगळं अंधुक उजेडात. ज्या बाईने नवऱ्यामुलीला ऐन मुहूर्ताच्या गडबडीत नऊवारी नेसवली आहे तिला हे जमणारच. अर्ज उत्सवाच्या काही महिने आधी संकेतस्थळावर घेतात, म्हणून दिवाळी झाली की बघायला लागा. अर्जात शिवणकामाचा घरगुती अनुभवही लिहा : किती वर्षं, काय काय शिवलं, फॉल-पिको, ब्लाऊज, दुरुस्ती, सगळं. आणि निवड झाली तर काळे कपडे, सपाट चपला, आणि खिशात सेफ्टी पिनांचं एक पाकीट घेऊन जा.